चिंधू काटेवाल्याची शिक्षा

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या स्टेशनावर काळ्या ग्रॅनाइटचा एक फलक बसायचा होता. फलक अजून गोणपाटात गुंडाळून तिकीट-खिडकीजवळच्या भिंतीला टेकवलेला होता. त्याच्यावरचा मजकूर मात्र नगर गौरव समितीने काढलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापून मोकळा झाला होता. मजकूर हिंदीत होता: “सन 1951 में इसी स्टेशन पर, स्टेशन मास्टर पुंडलिकराव के कार्यकाल में, कांटेवाले चिंधू को शिक्षा दी गई। यह इस अंचल में श्रमिक-शिक्षा का पहला दीप था।”

प्रेमलताबाईंनी हे वाक्य पहिल्यांदा घाईत वाचले, दुसऱ्यांदा चष्मा पुसून वाचले आणि तिसऱ्यांदा हातातला चहाचा कप बशीत ठेवून वाचले.

चौतीस वर्षे त्यांनी पांढुर्ण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवला होता. दिवा म्हटला की तेल कोणी घातले हे विचारायची खोड त्यातून लागलेली. ही शाळा भरत होती कुठे? पाटी, खडू, दुसरा एखादा विद्यार्थी? अख्ख्या अंचलात उजेड पाडणाऱ्या या शाळेचा पट एका नावाचा, आणि ते नाव सांधा ओढून गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवणाऱ्या काटेवाल्याचे. चालली कधीपर्यंत? पुस्तिका त्याबाबतीत मौन पाळून होती.

आधार मात्र दिला होता, आणि तोच घात करत होता. सातव्या पानावर पुंडलिकरावांच्या मराठी रोजनिशीतली एक नोंद उतरवली होती: “ता. ९ सप्टेंबर १९५१. २ तारखेच्या प्रकाराबद्दल चिंधूस शिक्षा झाली. त्यापायी मला फार यातायात पडली.” आणि खाली संपादकांनी वाचकांवर उपकार म्हणून हिंदी अर्थ दिला होता: “अर्थात्, चिंधू को शिक्षा मिली। उन दिनों स्टेशन पर भारी यातायात था।”

हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या आणि यातायात म्हणजे वाहतूक. मराठीत पहिल्या शब्दाचा अर्थ दंड आणि दुसऱ्याचा अर्थ त्रास. चिंधू नावाच्या माणसाला दंड झाला होता, आणि समितीने चौऱ्याहत्तर वर्षांनी त्याला पदवी बहाल केली होती.

बाईंना राग आला, पण त्यांचा राग तापत नसे, गोठत असे. त्यांनी कागद घेतला आणि ही चूक कोणाच्या हातून होऊ शकते याचा विचार सुरू केला. भोपाळच्या माणसाच्या हातून नाही, त्याला मराठी नोंद वाचताच आली नसती. नागपूरच्या माणसाच्याही नाही, त्याला शिक्षा म्हणजे विद्या असे स्वप्नातही सुचले नसते. ही चूक इथल्याच माणसाची होती. ओसरीवर मराठी बोलणारा, शाळेत हिंदी गिरवलेला, आणि दोन भाषांच्या मधल्या दारात उभा राहून सोयीप्रमाणे आत-बाहेर करणारा. पुस्तिकेवर संपादक म्हणून नाव होते पांढुर्ण्याच्या अरविंदभाऊंचे. ते पुंडलिकरावांचे नातू आणि समितीचे अध्यक्ष. नोकरीची सगळी वर्षे ‘शिक्षा विभागा’त काढून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. त्या खात्याचे नाव ऐकून नागपूरचे पाहुणे दर वेळी हसत, आणि अरविंदभाऊही त्यांच्याबरोबर हसत, हे बाईंनी स्वतः पाहिलेले होते. हे त्यांनी कागदावर लिहून ठेवले आणि खाली रेघ ओढली.

आता पांढुर्णा हा जिल्हा नवा झाला होता. नव्या जिल्ह्याला गौरवही नवा लागतो आणि तो लवकर लागतो. छोटी गाडी बंद होऊन दहा वर्षे होत आली होती. तिचे अरुंद रूळ उपटून गेले, रुंद रूळ आले, आणि जुन्या इमारतीची आवराआवर करताना कपाटात ही रोजनिशी निघाली. ती नातवाच्या हवाली झाली. पुढच्या रविवारी फलकाचे अनावरण होते. प्रमुख वक्त्या म्हणून प्रेमलताबाईंचे नाव पत्रिकेत छापून तयार होते आणि सोबतच्या चिठ्ठीत विनंती होती, ‘गौरवाचे दोन शब्द बोलावेत.’

पुस्तिका मिटताना त्यांची नजर मागच्या वेष्टनावर गेली. तिथे रोजनिशीच्या एका पानाचे छायाचित्र नक्षीसारखे छापले होते आणि खाली ओळ होती, ‘दादाजी की सुंदर लिखावट।’ लिखावट मोडी होती आणि चित्र उलटे छापले होते.

बाई स्वतःशीच हसल्या. पुस्तिका फिरवून त्यांनी भिंग लावले. छपाई फिकी होती, कडा कापल्या होत्या. मोडीच्या त्या पळत्या अक्षरांतून फार तर दोन शब्द हाती लागले. एक ‘किल्ल्या’. दुसरा ‘झोपला’. त्याच्यापुढे आणखी काही अक्षरे होती, ती नेमकी कात्रीत गेली होती.

झोपला. कोण झोपला? आणि किल्ल्या कशाच्या? अर्धे वाक्य ठेवून झोपी जाणे बाईंना कधीच जमले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्या लोधीखेड्याला, पुस्तिकेत दिलेल्या चिंधूच्या गावी, गेल्या.

चिंधूचे घर विचारायला त्यांना फार लांब जावे लागले नाही. बसस्टॉपवरच्या पानवाल्याने विचारले, “कोणता चिंधू? झोप्या चिंधू? त्याचा पोरगा हाये न, सुखदेव बुढा. तिकडं, मारुतीच्या मागं. झोप्याचं घर म्हना, कोणीबी दाखवन.”

सुखदेव ब्याऐंशी वर्षांचा होता आणि अंगणात उभ्याने तुरीच्या काड्या मोडत होता. ओसरीत खाट होती, पण ती भिंतीला उभी लावलेली. त्याची सून छाया हिने बाईंना खुर्ची दिली. म्हातारा उभाच राहिला.

“बसा ना, काकाजी.”

“बसतो जी. संध्याकाळी बसतो.”

छाया हसून म्हणाली, “नाई बसत ते, मॅडम. आमच्या घरी दिवसा खाट आडवी होत नाई. माझं लगन झालं, पयल्याच दिवशी दुपारी जरा डोळा लागला, तं सासूबाई अशा ओरडल्या का जसं घराले आग लागली. मले वाटलं, कुठं येऊन पडली मी!”

“काहून पण?” बाईंनी विचारले. लोधीखेड्यात पाऊल पडले की त्यांची पुस्तकी मराठी आपोआप जोडे काढून ठेवी.

सुखदेवने हातातली काडी मोडली. “माझा बाप भर दुपारी ड्यूटीवर झोपला म्हून नोकरीवरनं काढला होता, बाई. इंजिन बाजूच्या रुळावर घुसलं, तिथी मँगनीजच्या मालगाडीच्या चार वाघिणी उभ्या होत्या. फायरमनचा पाय गेला. म्या सात-आठ वर्साचा असन. तवापासून झोप्या. बाप झोप्या, मी झोप्याचा, माझी पोरं झोप्याची. माय म्हने, आता या घरात दिवसा कोणी आडवं दिसलं तं लोकं अजून बोलतीन.”

“आणि वडील काय म्हणत?”

“तो म्हने, झोपलो नोहतो. येकदाच म्हनला. मग लोकं हसले, तं पुन्हा नाई म्हनला.” दुसरी काडी उचलत तो म्हणाला, “आता ते अरविंदभाऊ आले होते. म्हनले, रविवारी या, शाल-नारळ आहे, तुमच्या बापानं शिक्षन घेतलं होतं. म्या म्हनलं, साहेब, माझा बाप सही नाई करत होता, आंगठा मारत होता. तं ते म्हनले, आंगठा मारनारेच तं शिकतात.”

छाया म्हणाली, “शाल घ्या न बाबा. चांगलंच बोलून राहिले ते. नाव होईन.”

“चांगलं कायचं? शिक्षा मले मालूम हाये कायले म्हनते.” म्हातारा बाईंकडे वळला. “तुमी शिकेल हा. बोर्डावर काय लिवाचं ते लिवा, मले वाचता येत नाई. मले येकच सांगा. माझा बाप झोपला होता का नोहता? झोपला असन तरी सांगा. मंग म्या शाल घेतो अन् गप बसतो.”

उगाच आश्वासन देण्याची बाईंना सवय नव्हती, म्हणून त्यांनी दिले नाही. परतीच्या बसमध्ये मात्र त्यांच्या लक्षात आले की प्रश्न बदलला आहे. त्या एक शब्द दुरुस्त करायला निघाल्या होत्या. तो दुरुस्त केला तर खोट्या सन्मानाच्या जागी ग्रॅनाइटवर खरा कलंक कोरला जाणार होता. भाषा शुद्ध झाली असती आणि झोप्या चिंधू कायमचा झोप्या राहिला असता.

घरी येऊन त्यांनी पुस्तिका पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली, या वेळी तारखांसाठी. अपघात २ सप्टेंबर १९५१ चा. एकोणिसाव्या पानावर ‘दादाजी का संस्कृति-प्रेम’ असे प्रकरण होते. त्यात पुंडलिकरावांनी पाहिलेल्या गोटमारीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या दगडफेकीच्या खेळाचे, वर्णन होते. जांब नदीला पाणी किती होते, झेंडा बांधलेले पळसाचे झाड पात्रात कसे रोवले होते, सावरगावच्या बाजूने दगड कसे येत होते, आणि दुपारी चारच्या सुमाराला झेंडा पांढुर्ण्याकडे कसा आला. शेवटी अरविंदभाऊंनी अभिमानाने नोंदवले होते की हे वर्णन दादाजींनी ‘१९५१ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या डोळ्यांनी पाहून’ लिहिले आहे.

बाईंनी जुनी पंचांगे काढली. त्या साली पोळा होता १ सप्टेंबरला.

त्यांनी दोन्ही पाने शेजारी शेजारी उघडी धरली. २ सप्टेंबरला दुपारी सौंसरच्या स्टेशनावर इंजिन वाघिणींवर आदळले. २ सप्टेंबरला दुपारी सौंसरचा स्टेशन मास्तर पांढुर्ण्यात जांबेच्या काठी उभा राहून दगड मोजत होता. सातव्या पानाने चिंधूला आरोपी केले होते, एकोणिसाव्याने मास्तरला. दोन्ही पानांचा संपादक एकच, आणि मधल्या अकरा पानांत त्याला काही खटकले नव्हते. किंवा खटकले होते. बाईंना आता तेवढेच जाणून घ्यायचे होते.

पांढुर्ण्याला अरविंदभाऊंनी त्यांचे स्वागत मोठ्या प्रेमाने केले. दिवाणखान्यात दादाजींचा कोट-टोपीतला फोटो होता, त्याला ताजा हार. टेबलावर रोजनिशी लाल मखमलीत गुंडाळून ठेवलेली.

“या ताई, या! भाषण लिहून झालं? मी म्हणून राहिलो होतो सगळ्यांले, मॅडम बोलल्या म्हणजे मग बाकीच्यांनी बोलूच नये.”

“बाकीच्यांना बोलावं लागेल असं दिसतंय,” बाई म्हणाल्या. “अरविंदभाऊ, एक शंका आहे. लहानपणी तुम्ही मस्ती केली की आई काय म्हणायची?”

“आई?” ते हसले. “आई म्हणे, थांब, बाबा आले म्हणजे तुले चांगली शिक्षा करायले लावतो.”

“मग बाबा काय करत? पाढे शिकवत?”

अरविंदभाऊंचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले, फक्त डोळ्यांतून निघून गेले. “ताई, आपण हिंदी मिडियमचे. लिहिता लिहिता होऊन जाते. भाषेचा फरक आहे.”

“एक शब्द असता तर मीही म्हणाले असते, होऊन जाते. दोन शब्द चुकले. आणि दोन्ही चुका चुकून एकाच माणसाच्या फायद्याच्या झाल्या. चुकांना इतकी शिस्त कुठून आली?” बाईंनी पुस्तिका उघडून सातवे पान आणि एकोणिसावे पान त्यांच्यापुढे ठेवले, वर पंचांग ठेवले. “दोन तारखेला तुमचे आजोबा कुठे होते, ते तुम्हीच छापलंय. मी काहीच सिद्ध केलेलं नाही. मी फक्त वाचून राहिले.”

अरविंदभाऊंनी पाने पाहिली. तारखांची ही गाठ त्यांनाही नवी होती, हे त्यांच्या बोटाने सांगितले. ते बोट एका पानावरून दुसऱ्यावर गेले, परत आले आणि थांबले. 

“हे मले खरंच मालूम नोहतं,” ते शेवटी म्हणाले. हिंदी मिडियम गळून पडले होते, मुख्याध्यापकही गळून पडला होता. “गोटमारीचं. शप्पथ. पण शिक्षा म्हणजे काय ते मालूम होतं. आजोबाच्या हाताखालचा माणूस बडतर्फ झाला, एवढं घरात सगळ्यांले मालूम होतं. कोणी विषय काढला की आजोबा उठून जात. जेवता जेवता उठत. मी म्हटलं, याच्यात काहीतरी आहे. ताई, मराठीत वाचलं तं आजोबा उघडे पडत होते. हिंदीत वाचलं तं झाकले जात होते. मी हिंदीत वाचलं.”

बाईंनी आयुष्यभर बरीच इतिहास-पुस्तके वाचली होती. इतिहासलेखनाच्या पद्धतीबद्दल इतके नेमके विधान त्यांना त्यांत क्वचितच सापडले होते.

“मागच्या वेष्टनावरचं पान वाचलंत?”

“ते? ते काही वाचायचं नाही. सौ. म्हणाली सुंदर दिसते, म्हणून टाकलं. कोणती लिपी ते बी मालूम नाही.”

“मोडी आहे. आणि उलटी छापली आहे.”

अरविंदभाऊंनी मखमल सोडली. बाळबोध अक्षरात लिहिलेली दोन-अडीचशे पाने होती आणि सगळ्यांत शेवटी, पुठ्ठ्याला लागून, मोडीतले एकच पान. खाली तारीख १९६८ ची होती, म्हणजे पेन्शनीतल्या दिवसांची; त्यानंतर ही वही त्यांनीच घरापासून लांब, स्टेशनच्या कपाटात नेऊन ठेवली असणार. बाईंनी भिंग काढले. पहिल्यांदा त्या शब्द लावत गेल्या, ओठ हलत होते. मग ओठ हलायचे थांबले. एकदा त्यांनी मान वर करून हारातल्या फोटोकडे पाहिले आणि पुन्हा खाली पाहिले.

“काय लिहिलं?” अरविंदभाऊ टेबलावर वाकले. “ताई, काय लिहिलं आहे?”

“गाडी काढा,” बाई म्हणाल्या. “हे ज्याचं आहे त्याला आधी वाचून दाखवू. तुम्ही शेजारी उभं राहून ऐका.”

अरविंदभाऊंनी फोटोकडे पाहिले नाही. किल्ली घेतली, चप्पल पायात सरकवली. वाटेत, सौंसरच्या अलीकडे संत्र्याच्या बागा सुरू झाल्या तिथे, त्यांनी एकदाच विचारले, “फलकाचं काय करायचं?”

“पाठीमागची बाजू कोरी आहे ना?”

“आहे.”

“मग उलटा करा. तुम्हाला सवय आहे.”

थोड्या वेळाने बाईंनीच पुढे म्हटले, “आणि त्याच्यावर माझं, तुमचं, कोणाचंही वाक्य नको. याच पानावरचं जसंच्या तसं. बाळबोधीत. मराठीत. हिंदी अर्थ देऊ नका.”

पुढच्या वळणावर अरविंदभाऊंनी मान हलवली, आणि ती वळणासाठी नव्हती.

लोधीखेड्याला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजत होते. ऊन अंगणभर पसरले होते. सुखदेव दारातच उभा होता. गाडीतून अरविंदभाऊ उतरलेले पाहून त्याने उपरणे सारखे केले. त्याला वाटले शाल इथेच द्यायला आले.

“काकाजी,” बाई म्हणाल्या. त्यांनी वाटेत चार वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही आठवले नाही. “नोहते झोपले.”

म्हाताऱ्याने ऐकले की नाही ते कळेना. छाया दारात आली, तिच्या हाताला पीठ होते. “काय म्हनल्या मॅडम?”

“ज्याने झोपला म्हणून सांगितलं, त्यानेच लिहून ठेवलंय. झोपला नव्हता म्हणून.”

सुखदेव वळला. भिंतीला उभी लावलेली खाट त्याने दोन्ही हातांनी धरली. छाया पुढे झाली तर त्याने तिला मानेने नको म्हटले. खाट त्याने ओसरीच्या मधोमध, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल अशी आडवी टाकली. पलीकडून सायकलवर जाणारा एक जण थांबून बघायला लागला. म्हातारा खाटेवर आधी बसला, मग एक एक पाय वर घेत पाठीवर निजला आणि हात छातीवर ठेवले.

“आता वाचा, बाई,” तो छताकडे पाहत म्हणाला. “सगळं वाचा. येक शब्द सोडू नका.”

बाईंनी पान उन्हाच्या बाजूला धरले. अरविंदभाऊ खांबाजवळ उभे राहिले, चपला काढून. बाईंनी वाचले:

“मी पुंडलिक, पूर्ण शुद्धीवर असताना हे लिहीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा न घेता गोटमार पाहावयास पांढुर्ण्यास गेलो होतो. सांध्याच्या व कपाटाच्या किल्ल्या माझ्या कोटाच्या खिशात राहिल्या. साहेब नागपुराहून येण्यापूर्वी मी परतलो, व चौकशीत चिंधू झोपला होता असे सांगितले. चिंधू झोपला नव्हता. सांधा बाजूच्या रुळाकडे वळलेला व कुलुपात होता, लाल निशाण कपाटात होते, म्हणून तो डोक्याचे लाल पागोटे सोडून हलवीत इंजिनाच्या तोंडावर रुळांतून धावत गेला. हे मला फायरमनने दवाखान्यात सांगितले, व मी त्यास गप्प बसविले. हे मोडीत लिहितो, कारण माझ्या मुलांस मोडी वाचता येत नाही.”